शंभर मात्रांची बाटली आणि दहा कोंबड्यांचं घर

जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये घरोघरच्या कोंबड्या अचानक मरू लागल्या. नमुने प्रयोगशाळेत गेले, भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडून निदान आलं: बर्ड फ्लू. मग नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी मारून पुरले गेले. त्यांची संख्या बाराशेच्या वर होती. दहा किलोमीटरपर्यंतचा टापू निगराणीखाली आला. 1930 च्या जंगल सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावातली खुराडी रिकामी झाली.

बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही. देशातली त्याची पहिली नोंदच फेब्रुवारी 2006 मधली, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. पण नवापूरचा फटका मोठ्या पोल्ट्रीफार्मना बसला होता. तिथे कुंपण असतं, नोंदवही असते, रोजची मर मोजणारा माणूस असतो. गावठी कोंबडी सकाळी डालग्याखालून सुटते आणि चार अंगणं, उकिरडा, शेताचा बांध फिरून तिन्हीसांजेला परतते. एखादी आली नाही, तर मुंगसाने नेली असेल असं म्हणून दार लावलं जातं. शिवाय एका कोंबडीच्या किमतीत डॉक्टरची खेप परवडत नाही. म्हणून गाय आजारी पडली की धावाधाव करणारं घर कोंबडी मेली की गप्प राहतं. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे 31.7 कोटी भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा 46 टक्क्यांनी जास्त. एवढा मोठा कळप, आणि त्यातल्या बहुतेक पक्ष्यांना आयुष्यात एकदाही पशुवैद्य भेटत नाही.

या गप्प राहण्याला आणखी एक कारण आहे, मानमोडी. पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात. ऋतू पालटला की कोंबड्यांना मर येणार, हे गावोगाव गृहीतच धरलेलं असतं. आणि मानमोडी व बर्ड फ्लू बाहेरून इतके सारखे दिसतात की मुरलेला पशुवैद्यही नुसत्या नजरेने छातीठोक सांगणार नाही. पिसं फुगवून बसणं, हिरवट हगवण, धाप, सुजलेलं डोकं, काळानिळा तुरा, मग पटापट मृत्यू.

या सारखेपणाच्या मुळाशी जीवशास्त्र आहे. दोन्ही विषाणूंच्या आवरणावर एक प्रथिन असतं. पक्ष्याच्या शरीरातल्या एखाद्या विकराने ते विशिष्ट जागी कापलं, तरच विषाणू पुढच्या पेशीत शिरू शकतो. सौम्य वाणांचं प्रथिन कापणारी विकरं मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे रोग तिथेच अडतो. जहाल वाणांमध्ये त्या जागेची रचना बदललेली असते, आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेलं फ्युरिन नावाचं विकर तिला कापू शकतं. विषाणूला मेंदू, यकृत, हृदय सगळीकडची वाट मोकळी होते. काल चरणारी कोंबडी आज मेलेली सापडते ती यामुळे. खरं निदान प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआरसारख्या चाचणीनेच होतं, आणि नमुना तिथवर पोहोचायचा तर कुणीतरी आधी कळवायला हवं.

घडतं मात्र उलटं. मर लागली की उरलेल्या कोंबड्या कापायच्या किंवा बाजारात काढायच्या. गरिबाचा पैसा बुडू नये म्हणून केलेली ही धडपड मला पूर्ण समजते. पण बाजाराच्या पिशवीतून रोग पुढच्या गावाला जातो. नीट शिजवलेल्या मांसात, म्हणजे 70 अंशांच्या वर, विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी पक्षी कापताना, सोलताना, रक्त आणि पिसं हाताळताना.

मानमोडीवर लस आहे, स्वस्त आहे, चांगली आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, पुढे पुन्हा मात्रा, मोठेपणी पंखाखाली टोचणी. तरी ती अंगणापर्यंत पोहोचत नाही, कारण बाटली किमान शंभर मात्रांची येते, 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी दहा कोंबड्या, त्याने उरलेल्या नव्वद मात्रांचं काय करायचं? लसीकरणाचं माप घर धरलं की हे गणित कधीच सुटत नाही. गाव धरलं की लगेच सुटतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेली उष्णता सोसणारी आय-2 ही लस मोझांबिक आणि टांझानियात अशीच वापरली गेली: गावातल्याच लोकांना शिकवायचं, ठरल्या दिवशी दर चार महिन्यांनी घरोघर थेंब द्यायचे. आपल्याकडे ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पशुसखी आहेत, गावातल्याच बायका. पहाटे, कोंबड्या सुटण्याआधी, एक बाटली आणि एक आळी, एवढंच हे काम.

मानमोडीची लस बर्ड फ्लू रोखत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिचा उपयोग दुसरा आहे. सगळ्या गावाने कोंबड्यांना लस दिली असेल, तर त्यांच्या अचानक मरण्याला ‘दरवर्षीचीच मर’ म्हणून सोडून देता येत नाही. दोन दिवसांत चार पक्षी गेले तरी शंका येते आणि 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन जातो. भरपाईचा हिशेबही लवकर कळवण्याकडेच बोट दाखवतो: सरकार पैसे देतं ते पथकाने मारलेल्या पक्ष्यांचे, आधीच मरून गेलेल्यांचे नाहीत.