नस कापली तर पुन्हा वाढते का? वाढते, पण दिवसाला एक मिलिमीटर

विळ्याने नाहीतर कडबाकुट्टीत हात कापतो. टाके पडतात, पंधरा दिवसांत जखम भरते, पण बोट बधिरच राहतं. मग घरचे म्हणतात, डॉक्टरने नीट केलं नाही. दरवेळी तसं नसतं. आतल्या नसेचा हिशोबच वेगळा आहे.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि स्नायूच्या दोरीलाही नसच म्हणतो. इथे बोलतोय ते निरोप नेणाऱ्या चेतातंतूबद्दल. त्याची मूळ पेशी मणक्यात किंवा मणक्याशेजारी असते आणि तिथून एकच धागा थेट बोटापर्यंत येतो. त्यावर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं, मोटरीच्या वायरवर प्लास्टिक असतं तसं.

पण वायर तुटली तर पुढचा तुकडा चांगलाच राहतो, जोड मारला की मोटर चालू. नसेचं तसं नाही. वेल बुडात कापला की शेंडा वाळतो, तसा तुटलेल्या जागेपुढचा धागा मरतो. ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं.

काही दिवसांत धाग्याचे तुकडे होतात, मायलिनचे गोळे होतात. मग मायलिन बनवणाऱ्या श्वान पेशी आपलं नेहमीचं काम सोडून हा कचरा उचलायला लागतात. रक्तातून भक्षक पेशीही मदतीला येतात. सफाई होत आली की श्वान पेशी रांगेने उभ्या राहून वाट तयार करतात. त्या वाटेने वरच्या टोकाचा नवा कोंब पुढे सरकतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. म्हणजे मनगटापाशी कापलं तर बोटाच्या टोकाला जाणीव यायला सहा महिने, कधी जास्तही. मध्येच मुंग्या आल्या, झटका बसल्यासारखं झालं तर घाबरू नका, बहुतेक वेळा कोंब पुढे सरकतोय.

मात्र दोन टोकं लांब गेली असतील तर कोंबाला वाट सापडत नाही, तिथेच दुखरी गाठ होते. म्हणून पूर्ण तुटलेली नस शिवावी लागते, आणि लवकर. कापल्यावर बधिरतेचं इंजेक्शन देण्याआधीच डॉक्टरांना सांगा, कोणतं बोट बधिर आहे, कोणतं हलत नाही. इंजेक्शननंतर सगळंच बधिर होतं, मग कळणार कसं? उशीर फार झाला, वर्ष-दीड वर्ष गेलं, तर स्नायू वाळतो. मग नस पोचली तरी ताकद येणं अवघड.

तोवर बधिर हात चुलीपासून, गरम तव्यापासून जपा. भाजलेलं कळतच नाही. साखर वाढलेली असेल किंवा बिडी-सिगारेट चालू असेल तर नस आणखी हळू भरते.

पाठीच्या कण्यातल्या मुख्य दोरीचं मात्र असं होत नाही. तिथे मायलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत. त्या सफाई करत नाहीत, आणि पडून राहिलेलं मायलिन नव्या कोंबाला अडवतं. ती दोरी तुटली तर कुठल्याही तेलाने, मालिशने जुळत नाही, कोणी कितीही पैसे मागितले तरी.