मासेमारीचे रीळ : नाव पाहावे की सुटे भाग?

रीळ घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी विचारते, 'बेअरिंग किती?' हा प्रश्न अपुरा आहे. खाऱ्या पाण्यात गंज न धरणारी चार बेअरिंग हलक्या दहांना भारी पडतात.

तीन नावे पाहू. जपानची शिमानो कंपनी १९२१ साली निघाली, तिचा हात बसला सायकलच्या भागांवर. त्यामुळे तिच्या महागड्या रिळांचे दाते नरम फिरतात. जपानच्याच डाइवाच्या काही रिळांत चुंबकीय तेलाचा पडदा पाणी आत येऊ देत नाही. मात्र घरी उघडले की तेल जाते आणि कंपनीचा कारागीर गाठावा लागतो. अमेरिकेत १९३२ साली सुरू झालेल्या पेनचे रीळ वजनाला जड. पण 'बॅटल'सारख्या रिळाचे अंग धातूचे, आणि उघडून साफ करणे साध्या कारागिरालाही जमते.

खरी परीक्षा ड्रॅगची. मासा जोर करू लागला की तंगूसचा दोर सोडणारा हा ब्रेक. तो आवळून दोर हाताने ओढून पाहावा. झटके देत सुटला, तर मोठ्या माशाला दोर तुटणारच.

दुकानदार बंधूंनी माल भरण्यापूर्वी घाऊक व्यापाऱ्याला सुटे भाग मिळतील का, हे जरूर विचारावे. दुरुस्त न होणारे स्वस्त रीळ परत येते. त्यात भांडवल अडकते आणि गिऱ्हाईकही तुटते.