सुईआधीचा प्रश्न

भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्याला कमी ऐकू येऊ लागलं, तर कारण कुणी विचारत नाही. धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात मी उभा होतो. धोटे आपटत होते आणि माणसं हातवाऱ्यांनी बोलत होती. तिथल्या एका चाचांना दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. "मागानं नाही गेले कान," ते ओरडूनच म्हणाले, "टीबीच्या सुयांनी गेले. माझ्या मामाचेही तसेच गेले होते."

मागाच्या आवाजानं कान जातात, हे खरंच आहे. पण 'मामा' हा शब्द मनातून जाईना. म्हणून मी भिवंडीतच वाढलेल्या, एका मागवाल्याच्या मुलीला गाठलं. ती मुंबईत रेण्वीय जीवशास्त्रात संशोधन करते आणि तिचा विषय आहे मायटोकॉन्ड्रियातला आरएनए.

आरएनए फार नाजूक. तो तोडणारी विकरं आपल्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर असतात. त्यामुळे ती हातमोजे सारखे बदलते आणि उघड्या नळीवर तोंड नेऊन कधी बोलत नाही. बर्फात ठेवलेल्या पेशी फोडायच्या, यंत्रात गरागरा फिरवून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करायचे, मग ट्रायझॉल, क्लोरोफॉर्म, पुन्हा फिरवणं. शेवटी नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल असा पांढरट ठिपका. ट्रायझॉलची बाटली उघडली की फिनॉलचा वास येतो. कार्बोलिक साबणाचा, जुन्या सरकारी वॉर्डाचा वास. ती शोषक पंख्याखाली काम करत होती, तरी तो माझ्यापर्यंत आला आणि टीबीनं आजारी चाचांची खाट डोळ्यांपुढे उभी राहिली.

"मायटोकॉन्ड्रिया एके काळी स्वतंत्र जिवाणू होते," ती म्हणाली. चाचांच्या कानांचं उत्तर तिथंच होतं. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकॅसिन, जेंटामायसिन ही सुईतून दिली जाणारी औषधं जिवाणूंच्या रायबोसोममधल्या आरएनएला चिकटतात आणि त्यांची प्रथिनं बनवण्याची क्रिया बिघडवतात. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात १६,५६९ अक्षरांचा स्वतःचा डीएनए असतो आणि आपला रायबोसोमही. त्या डीएनएत १५५५व्या जागी 'ए'ऐवजी 'जी' आला, की तिथून बनणाऱ्या '१२एस' आरएनएची घडी जिवाणूच्या आरएनएसारखी होते. मग औषध शत्रू समजून आपल्याच पेशीला धरतं. कानाच्या आतल्या केसपेशींना ते सोसत नाही आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. हा बदल १९९३ साली उजेडात आला. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, म्हणून मामा-भाच्यांचे कान एकाच तऱ्हेनं जाऊ शकतात.

चाचांची तपासणी झालेली नाही. ही औषधं असा बदल नसलेल्यांचंही ऐकणं बिघडवू शकतात, हे तिनं मला दोनदा बजावलं. पण बदल असलेल्याला योग्य मात्राही घातक ठरू शकते.

हा बदल कितीजणांत असतो? "युरोपातल्या अभ्यासांत साधारण पाचशेत एक." मी लगेच हिशेब मांडू लागलो. २०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूरची लोकसंख्या सात लाखांवर होती. तिनं मला थांबवलं: तो आकडा इथं जसाच्या तसा लावायचा नाही, इथलं इथं मोजायला हवं. पटलं. तरी परतताना शांतीनगरच्या गल्लीत मी माणसं पाहत होतो आणि मनात तेच चाललं होतं, पाचशेत एक.

क्षयाच्या उपचारात आता सुया मागे पडल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली कॅनामायसिनची शिफारस मागे घेतली आणि बेडाक्विलिनसारख्या गोळ्या पुढे आल्या. चाचांना त्याचा उपयोग नाही. जेंटामायसिन आणि अमिकॅसिन मात्र नवजात बाळांच्या गंभीर जंतुसंसर्गात आजही दिली जातात, आणि तिथं ती जीव वाचवतात. इंग्लंडमध्ये बाळाच्या गालावरून कापूस फिरवून हा बदल सुमारे २६ मिनिटांत शोधणारी चाचणी तयार झाली आहे. आपल्या प्रसूतिगृहांतही ती यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती येईपर्यंत एवढं करा. तुमच्या आईच्या बाजूला, म्हणजे आजी, मामा, मावशी किंवा मावसभावंडांत, सुयांनंतर कुणाचं ऐकणं गेलं असेल, तर घरात कुणालाही अशी सुई देण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. उपचार नाकारू नका; दुसरं औषध चालेल का, एवढं विचारा.