२८८० चं गणित

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत हल्ली ‘रॉ’चं कौतुक असतं: सेन्सरने टिपलं ते जसंच्या तसं. एका वाचकाचा प्रश्न आहे, मग खगोलशास्त्रज्ञ हीच फाइल का वापरत नाहीत? त्यांचं ‘फिट्स’ वेगळं कशाला?

ऐवजात रॉ कमी नाही. जेपेगमध्ये दर रंगाला २५६ पायऱ्या, तर १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४. घोडं अडतं ते फाइल वाचताना. कॅनन, निकॉन, सोनी, प्रत्येकाची मांडणी निराळी आणि बहुतांशी गुलदस्त्यात. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सचे आकडे चक्क कूटबद्ध असल्याचं उघड झालं, तेव्हा बराच गदारोळ झाला. ‘जसंच्या तसं’ हेही तितकंसं खरं नाही. काही कॅमेरे लांब एक्स्पोजरमध्ये नॉइज समजून फिकट तारेच पुसून टाकतात, तेही रॉमध्ये!

फिट्सचा आराखडा १९७९ च्या मार्चमध्ये डॉन वेल्स आणि एरिक ग्रायसन यांनी ठरवला. दुर्बिणींचे फोटो सगळे पाहतात, ही दोन नावं मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतात. फिट्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीलाच चित्राची लांबी-रुंदी वाचता येते, आणि बहुधा दुर्बिणीचं नाव, एक्स्पोजरचा वेळही. प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, हा पंचकार्डांचा वारसा. अशा ३६ ओळींचा एक ठोकळा, म्हणजे २८८० बाइट.

हाच आकडा का? तेव्हा कुणाचा संगणक १६ बिटांच्या शब्दांत मोजायचा, कुणाचा ३२, कुणाचा ३६, तर कुणाचा ६०. २८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट, आणि त्याला या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो! टेप कुठल्याही यंत्रावर चढवा, ठोकळा अर्धवट तुटणार नाही. नियमही कडक: नव्या सुधारणेने जुनी फाइल बाद होता कामा नये. हस्तलिखितांच्या डिजिटल प्रतींसाठी व्हॅटिकनच्या ग्रंथालयानेही फिट्सच निवडलं ते उगाच नाही. ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय अवकाश दुर्बिणीची निरीक्षणंही याच साच्यात मिळतात.

फिट्स जुनाट आहे, हे कबूल. नोंदीचं नाव आठ अक्षरांत कोंबताना आजही कसरत होते.

कॅमेऱ्यांसाठी अडोबीने २००४ मध्ये ‘डीएनजी’ हा खुला साचा आणला. लायका, पेंटॅक्सने तो घेतला. बड्या तिघांनी आपापली कुलपं राखली. गंमत म्हणजे अँड्रॉइड फोन आणि आयफोनचा प्रोरॉ डीएनजीच लिहितात. म्हणजे वाचकहो, रॉ फाइलच्या मोकळेपणात तुमचा फोन लाखमोलाच्या कॅमेऱ्याच्या पुढे आहे.