माळव्याची शेती आणि कोठाराचे धनी

धार-देवासच्या पवार संस्थानांमुळे माळवा मराठी वाचकास परिचित आहे. परंतु पवारांचे घोडे उत्तरेस जाण्यापूर्वी तीन हजारांहून अधिक वर्षे, त्याच काळ्या भूमीचे नाव लाभलेली कृषिसंस्कृती दक्षिणेस उतरून इ. स. पू. 1600 च्या सुमारास पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी, इनामगावी स्थिरावली होती, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. डेक्कन कॉलेजाने 1968 पासून तेथे केलेल्या उत्खननात, पुढील जोर्वे काळाच्या थरांत, सामान्य रयतेच्या लहान घरांमध्ये मध्यभागी पाच दालनांचे एक घर व त्याचे धान्यकोठार आढळले. कुंभार-सोनारांची घरे मात्र गावाच्या पश्चिम कडेस होती. मृत प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून त्यांस जमिनीत पुरण्याची तेथे रूढी असता, या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसविलेला आणि पाय शाबूत असलेला पुरुष मिळाला. वर्षाअखेर उरलेले धान्य ज्याच्या स्वाधीन, त्याचाच गावावर अंमल, आणि तो मान मृत्यूनंतरही अबाधित, असाच या पुराव्याचा अर्थ मला दिसतो. पुढे जमाबंदीच्या दप्तरांत नोंदला गेलेला सारा अशाच एखाद्या कोठारात प्रथम जमा झाला असावा.