क्लब जरूर काढा, पण सभासदाच्या आगाऊ पैशावर नको

राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात गाळेमालक, वाहतूकदार, यंत्रमागवाले आणि मोठ्या कंपन्यांचे व्यवस्थापक यांची रोजची ऊठबस असते. दोन घटका निवांत बसायला, बॅडमिंटन खेळायला, चार ओळखी वाढवायला इथे एखादा क्लब काढावा असं कुणाला वाटलं, तर त्यात गैर काही नाही. तो नफ्यासाठी काढणंही पूर्णपणे कायदेशीर आहे. जुहूला 2018 मध्ये सुरू झालेलं सोहो हाऊस हा असाच धंदा आहे, आणि त्याची मूळ कंपनी 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. असा धंदा सुरू करणारे सहसा परवान्यांच्या यादीने धास्तावतात. खरा धोका दुसरीकडे आहे. सभासदाकडून पहिल्या दिवशी घेतलेली रक्कम सेवेची किंमत आहे, भांडवल आहे की ठेव, याचं उत्तर स्वच्छ नसेल तर क्लब कायद्यातही फसतो आणि हिशेबातही.

पहिला सल्ला बहुधा ‘संस्था नोंदवून टाका, कर लागणार नाही’ असाच मिळतो. तो अर्धवट आहे. 1860 च्या कायद्याखालची संस्था, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी यांपैकी कुणालाच नफा वाटून घेता येत नाही. करमाफीचा युक्तिवाद ‘परस्परता’ तत्त्वावर उभा आहे: सभासदांनी आपसांत पैसे गोळा करून आपल्यावरच खर्च केले, तर त्यात कुणी कुणाला काही विकलं असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबच्या खटल्यात ऑक्टोबर 2019 मध्ये हे तत्त्व उचलून धरलं. सरकारने 2021 मध्ये जीएसटी कायदाच मागील तारखेपासून बदलला, आणि केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. पण ही सगळी लढाई सभासदांच्याच मालकीच्या क्लबांची आहे. त्यांचाही दावा दरवेळी टिकतोच असं नाही: रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या प्रकरणात 1953 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने परस्परतेचा दावा नाकारला होता. जिथे नफा दोन-चार भागीदारांच्या खिशात जायचा आहे, तिथे या वाटेला जाऊच नये. सरळ खासगी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) काढावी. दोन्हींना किमान दोन माणसं पुरतात आणि धंदा बुडाला तर सहसा घरदार धोक्यात येत नाही. साध्या भागीदारीत ते संरक्षण नसतं.

आता पैशाकडे येऊ. ‘पॅनकार्ड क्लब्ज’ हे नाव महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आजही दुखऱ्या सुरात निघतं. कंपनीने विकलं काय, तर हॉटेलमधल्या खोल्यांच्या रात्री. न वापरल्यास मुदतीअंती वाढीव रक्कम परत. सेबीने याला सामूहिक गुंतवणूक योजना ठरवलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सुमारे 51 लाख गुंतवणूकदारांचे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ‘आम्ही काही तसले नाही’ हा आक्षेप प्रामाणिक असेल, पण कायदा हेतू पाहत नाही, व्यवहार पाहतो. कंपन्यांच्या ठेवींबाबतचे 2014 चे नियम सांगतात की सेवेपोटी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांच्या आत त्या सेवेत वळती झाली तरच ती ठेवीतून वगळली जाते. म्हणजे दहा वर्षांची फी एकरकमी घेणारी कंपनी या नियमाच्या कचाट्यात सापडू शकते. ‘पाच वर्षांनी पैसे व्याजासह परत’ एवढं एक वाक्य माहितीपत्रकात आलं की अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा, दोन्ही दारात उभे राहतात.

यावर व्यवहारी माणूस विचारतो, आजीवन फी घेतली नाही तर उभारणीला पैसा कुठून आणायचा? हिशेब मांडून पाहू. दोनशे सभासद, प्रत्येकी दीड लाख आजीवन फी: तीन कोटी जमा. भाडं, पगार, वीज, देखभाल मिळून महिन्याचा खर्च सहा लाख धरला तर वर्षाला 72 लाख. सगळे पैसे नुसते बँकेत ठेवले तरी चार वर्षं दोन महिन्यांत संपतात, आणि सभासद मात्र आयुष्यभराचे. मग जुन्यांना पोसायला नवे सभासद शोधावे लागतात. ही वाट कुठे जाते ते वर आलंच आहे. त्याऐवजी वर्षाला 40 हजार घेतले तर 80 लाख येतात आणि आठ लाख उरतात, पण फी ‘जीएसटी वेगळा’ असं लिहून घेतली असेल तरच. त्याच 40 हजारांत 18 टक्के कर धरला असेल तर माणशी 6,102 रुपये सरकारचे, क्लबच्या हाती जेमतेम 67.8 लाख, आणि आठ लाखांच्या नफ्याच्या जागी चार लाखांचा तोटा. सेवेच्या आगाऊ रकमेवरही हा कर लगेच लागतो. शिवाय सभासद होणाऱ्या गोदाममालकाला क्लबच्या फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं. उभारणीचं भांडवल प्रवर्तकांनी स्वतःच्या भागभांडवलातून आणि बँकेच्या मुदत कर्जातून आणावं. क्लब त्यामुळे लहान निघेल. लहानच निघू द्या.

जागेचं म्हणाल तर रिकामा गाळा स्वस्तात मिळाला म्हणून तिथे क्लब थाटता येत नाही. गोदामाची परवानगी माल ठेवायची असते, माणसं जमवायची नव्हे. वापरबदल आणि अग्निशमन विभागाचा दाखला आधी हवा. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आगीत 14 जीव गेले, ते विसरण्याजोगं नाही. खाणं ठेवलं तर अन्न परवाना, मद्य ठेवलं तर उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा परवाना. पत्त्यांच्या टेबलाबाबत मात्र नफ्याच्या क्लबने जास्तच जपावं: सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, पण पैसे लावून चाललेल्या डावातून क्लबचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात सांगितलं.

आणि सभासद होऊ पाहणाऱ्यांनी अर्जावर सही करण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: फी किती महिन्यांची आहे, आणि क्लब बंद पडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील. हे लेखी मिळालं नाही, तर पैसे देऊ नयेत.