चार अंश

पैसे मोजून आपल्या गाडीची ताकद कमी करून घेणारा माणूस असतो, हे ओळखीच्या मेकॅनिकनं सांगितलं तेव्हा मला ते पाहावंसंच वाटलं. नऱ्ह्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मला भेटला. पस्तिशीचा असेल. चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि रोज ऐंशीएक किलोमीटर गाडी हाकतो. गाडीही चाकणचीच, २०२१ची पोलो. एक लीटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कारखान्यातून निघताना ११० पीएसचं. मध्यंतरी त्यानं दुसरीकडून तिचा ‘स्टेज वन’ रिमॅप करून घेतला, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकातली आकडेवारी (मॅप) बदलून घेतली, एअर फिल्टर बदलला. गाडी सुसाट पळू लागली. चावी परत देताना सांगण्यात आलं, की यापुढे १०० ऑक्टेनच भरायचं.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात मिळतं. इंडियन ऑइलनं २०२० साली ते आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणंही होतं. पण ते मोजक्याच पंपांवर असतं आणि साध्या पेट्रोलच्या जवळपास दीडपट महाग पडतं. रोज चाकण गाठणाऱ्याला हे किती दिवस झेपणार? तो साधं पेट्रोल भरू लागला आणि गाडी चढावर खडखडू लागली, पिकअप गेला. म्हणून आता तो म्हणत होता, ‘काका, मला साध्या पेट्रोलची गाडी करून द्या.’

हे काका पन्नाशी ओलांडलेले ट्यूनर. कार्बोरेटरच्या काळात शिकले. तेव्हा डिस्ट्रिब्युटर सैल करून हातानं फिरवायचा, इंजिन ठोकायला लागलं की थोडा मागे घ्यायचा आणि बोल्ट आवळायचा. आज त्यांच्या मांडीवर लॅपटॉप असतो, पण कान अजून तसाच लावतात. इंजिन ब्लॉकला बोल्टनं आवळलेला एक छोटा सेन्सर, तिथून डॅशबोर्डखालून आत आलेली वायर आणि कानावर जुने, मोठे हेडफोन. मी त्या शेडमधलं बरंच पाहिलं, पण माझी नजर पुन:पुन्हा त्या हेडफोनकडे जात होती.

लॅपटॉप जोडला, गाडीत असलेला मॅप वाचून घेतला आणि आम्ही निघालो. वेळ भर दुपारची, एप्रिलची. ही वेळ काकांनी मुद्दाम निवडली होती. हवा जितकी गरम तितकं इंजिन लवकर ठोकतं. कात्रजच्या जुन्या घाटात मालकाला सांगितलं, ‘तिसरा गिअर, वेग तीस-पस्तीस, आता पाय दाबा.’ गाडी चढाला लागली. काकांनी डोळे मिटले. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. काकांनी मात्र बोट वर केलं, मग परत केलं, मग परत. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला तेव्हा इंजिनाच्या घरघरीत मधूनच पत्र्याच्या डब्यात खडे उडावेत तसा आवाज आला.

घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी लॉग उघडला. पहिल्या दोन सिलिंडरमध्ये एक-दीड अंश. तिसऱ्यात चार. ‘चार अंश,’ ते म्हणाले आणि मालकाकडे वळून पुन्हा म्हणाले, ‘चार अंश खातंय तिसरं.’

पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाला पसरत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपसूक पेटलं, तर दाबाची लाट पिस्टनच्या माथ्यावर आदळते. तोच तो खडखडाट. नॉक सेन्सरला तो ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकायला लागतं. इथे ते चार अंशांनी मागे सरलं होतं. त्यामुळे इंजिन वाचतं, पण जो जोर पिस्टनला मिळायला हवा तो उष्णता होऊन एक्झॉस्टमध्ये जातो आणि टर्बोला भाजून काढतो. म्हणजे हा माणूस जास्त ताकदीच्या मॅपचे पैसे देऊन रोज त्यातली ताकद धुराड्यातून सोडत होता.

ऑक्टेन म्हणजे ताकद, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरून बेतलेलं ते एक माप आहे, पेट्रोल दाबाखाली किती वेळ दम धरतं याचं. या दमासाठी जगानं मोठी किंमत मोजली. १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळून ठोक थांबवली, आणि ते विष आपल्याकडच्या पंपांवरून हटायला २००० साल उजाडावं लागलं.

आता तेच काम बऱ्याच अंशी पेट्रोलमध्ये मिसळलेलं एथेनॉल करतं. त्याचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. २०२०च्या बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन पुरे होता. आता पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के एथेनॉलच्या पेट्रोलला किमान ९५ लागतो. मायलेज घटल्याची तक्रार रास्तच आहे, कारण एथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते. शिवाय त्यात प्राणवायू असतो. दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आलं की त्याच हवेला साधारण चार टक्के जास्त इंधन लागतं. ज्याचा मॅप आधीच काठावर आहे त्याच्या इंजेक्टरवर हा बोजा पडतो. पण ठोकीच्या बाबतीत आजचं साधं पेट्रोल कालच्यापेक्षा सरस आहे, हेही मान्य करायला हवं.

मी विचारलं, मग मॅप ९५वर बेतणार का? काका म्हणाले, ‘नाही. ९१वरच.’ वरचे चार आकडे ते कुणाला विकत नाहीत. ते मे महिन्याच्या उन्हासाठी, पिस्टनवर साठणाऱ्या कार्बनसाठी, कोकणात उतरताना भेटेल त्या पंपासाठी ठेवायचे. मला या माणसाबद्दल आदर वाटला तो इथे. या धंद्यात आकड्यावर गिऱ्हाईक येतं. इतके बीएचपी वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे रांग लागते आणि ते कुठल्या पेट्रोलवर, कुठल्या हवेत, किती दिवस, हे कुणी विचारत नाही. गाडी रोजची असेल तर तिला रोजचं पेट्रोल चाललंच पाहिजे. ते न चालणारा मॅप कितीही देखणा असला तरी मला तो अर्धवट काम वाटतो.

शेडमध्ये परतल्यावर काकांनी खालच्या आरपीएमचा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, उतरवला. छोट्या, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त दाब दिला तर ठिणगीच्या आधीच पेट घेतला जातो आणि पिस्टनचे तुकडे पडू शकतात, म्हणून तिथे त्यांनी हात आखडताच ठेवला. मधल्या पट्ट्यात ठिणगीचं टायमिंग दोन-तीन अंश मागे घेतलं. वरच्या आरपीएमला फारसं काही केलं नाही. प्लग नवे टाकले. जुने प्लग हातात घेऊन त्यांनी उजेडात निरखले, नखानं खरवडले आणि मालकाच्या हातात दिले. तिसऱ्याच्या पोर्सेलिनवर बारीक काळे ठिपके होते.

पुन्हा घाट, पुन्हा तोच गिअर, तेच हेडफोन. या खेपेला बोट वर गेलं नाही. लॉगमध्ये तिसऱ्या सिलिंडरपुढे शून्य, एका जागी अर्धा. आणि ज्यानं ताकद कमी करायला पैसे दिले होते त्याची गाडी आता त्याच चढावर आधीपेक्षा मोकळी चढत होती, कारण ईसीयूला आता दर वळणावर टायमिंग मागे खेचावं लागत नव्हतं.

बिल करताना काकांनी वॉरंटीबद्दल विचारलं. ती संपलेली होती. कंपनीनं ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची आडकाठी आहे, विमा कंपनी दाव्याच्या वेळी बोट ठेवू शकते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे पहिला मॅप विकणाऱ्यानं आधीच सांगायला हवं होतं.

मालकानं निघताना विचारलं, ‘काका, सणासुदीला कधी १०० भरलं तर?’

‘भरा. बिघडणार काही नाही, पण वाढणारही काही नाही. त्यासाठी मॅपमध्ये जागाच ठेवलेली नाही. ते पैसे पुढच्या प्लगना ठेवा. आणि मे महिन्यात चार माणसं बसवून, एसी लावून या. तेव्हाचा लॉग मला बघायचाय.’